सांगलीहून दुरुस्त होऊन आलेला कॉम्प्युटर

“हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई,” नाथाजी म्हणाला आणि सोप्यातल्या खुर्चीवर मांडी घालून बसला. “पर सांगलीला आपला कॉम्प्युटर असा पळत हुता, असा पळत हुता, की बोट टेकायच्या आधी अक्षर उमटायचं. मी नुसतं मनात ‘सं’ म्हणलं, तर ‘संयोगिता’ लिहून मोकळा!”

त्याच्या सुनेनं, संयोगितानं, मान वर केली नाही. ती फरशीवर बसून कॉम्प्युटरच्या डब्याचे स्क्रू काढत होती. बटण दाबून, चहा करून, पिऊन झाला तरी पडद्यावरचं चाक फिरतच राहायचं. नको ते प्रोग्रॅम तिनं काढून टाकले होते, जुने पिक्चर उडवले होते, चालू करताच न बोलावता उठणारे सगळे उपटसुंभ बंद केले होते. फरक शून्य. संध्याकाळपर्यंत नळाचा अर्ज टाईप करून द्यायचा होता. ती सरपंचपदाला पडली होती, तरी वस्तीवरच्या बायका अर्जाला अजून तिच्याचकडं येत होत्या.

“दुरुस्तीला नेला तेव्हा बरा चालत होता, मामा,” ती म्हणाली. “दुरुस्त होऊन आला आणि बसला.”

“त्येच तर सांगतोय, पोरी. तीन मजली दवाखाना हाय कॉम्प्युटरचा. वळीनं खाटंवर निजवल्यात. डॉक्टर आला, आपल्याची नाडी बघितली, म्हणला, हवालदारसाब, इसका दम फूल गया है. मग सलाईन लावलं.”

सासू तानुबाई मोबाईलची बॅटरी धरून शेजारी उभी होती. तिला हसू फुटलं. उजेड हलला.

“आत्या, सरळ धरा.”

तानुबाईनं हात सरळ केला, पण पदराआड ती हसतच होती.

“मग आता का पळत नाही?” संयोगितानं विचारलं.

“रस्ता, पोरी, रस्ता! सांगलीपासनं कवठे महांकाळपातूर गतिरोधक किती? दर गतिरोधकाला जीप आदळायची, आन् जरा जरा येग खाली सांडायचा. मागं वळून बघतोय तर डांबरावर नुसता येग सांडलेला. एका म्हशीनं त्यात पाय दिला, ती जी सुटली—”

“मामा!”

स्क्रूड्रायव्हर फरशीवर आपटून खुर्चीखाली गेला.

“ऐन प्रचारात नेलात तुम्ही हा. मी नको नको म्हणत होते. आणलात कधी? निकालाच्या दुसऱ्या दिवशी! मतदारांच्या चिठ्ठ्या मी आणि आत्यांनी हातानं लिहिल्या. नाव एकाचं, नंबर दुसऱ्याचा. म्हाताऱ्या बूथवरनं माघारी आल्या, त्या परत गेल्याच न्हाईत. आणि तुमच्या भाच्याच्या पॅनेलच्या चिठ्ठ्या बघितल्या? छापील! एका नावाला चूक न्हाई. अकरा मतांनी पाडलं मला जयराजभावजींनी. अकरा!”

“भाचा असंल माजा. मत मी तुलाच दिलं, सिद्धनाथाची आण.”

ते खरं असेलही. पण त्या दिवसांत पारावरची माणसं त्याला नाथाजी हवालदार म्हणायचं सोडून ‘संयोगिताताईंचा सासरा’ म्हणायला लागली होती. दर वेळी तो टोपी काढायचा, झटकायचा आणि पुन्हा डोक्यावर बसवायचा.

संयोगितानं शेवटचा स्क्रू चिमटीनं फिरवून काढला. पत्रा बाजूला झाला. आत करडी धूळ असणार म्हणून तिनं नाकाला ओढणी लावली होती. धूळ करडी नव्हती. पंख्याच्या पात्यांवर, जाळीत, कडेकपारीत गुलाबी थर बसला होता. तिनं रंगाचा जुना ब्रश आत घालून ओढला, तसा फरशीवर गुलाबी ढीग पडला. पंखा असा गच्च भरलेला, की बोटानंही धड फिरेना.

नाथाजीनं टोपी काढली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर बसवली. पण गडी थांबणारा नव्हे.

“ते औषध हाय. गरम हुऊ ने म्हणून डॉक्टरनं नळीनं फुकलं. जपानचं हाय.”

तिनं ब्रश त्याच्या नाकासमोर धरला.

“गुलाल आहे हा.”

“आसंल की! डॉक्टरचा मेव्हणा त्याच दिशी नगरसेवक झाला. निस्ता धुरळा! जिन्यात गुलाल, सलाईनच्या बाटलीत गुलाल. खाटंवरची कॉम्प्युटरं उठून नाचाय लागली गं, आपला सगळ्यात फुडं—”

सून हसली नाही. नाथाजीनं आशेनं बायकोकडं पाहिलं. ती हसली, की गोष्ट जिंकली, हा त्याचा हिशेब आजवर चुकला नव्हता.

तानुबाई खाली बसली. ढिगात बोट बुडवून तिनं ते बॅटरीच्या उजेडात धरलं. बोटावर चांदीचे बारीक कण लखलखले. तिनं अंगठ्यानं ते चोळले, निरखले, मग नवऱ्याकडं पाहिलं.

“आवं,” ती म्हणाली, “गुलालात ही चमकी जयराजनं कालवली हुती, निकालादिशी, त्याच्या हापिसात. ती सांगलीला कवा गेली?”