पेढ्यांचा पहिला डबा

तीन मुलीच झाल्या म्हणून जन्मभर सासूचे टोमणे खाल्लेल्या शेवंतीकाकूंनी यंदा कासवांना मुलगा व्हावा म्हणून देवीला नारळ बोलला होता.

किनाऱ्यावरची वाळू एवढी तापायची, की एकोणीस वर्षं घरट्यांतून नुसत्या माद्याच निघत होत्या. नरच नाहीत म्हटल्यावर हळूहळू अंडीही पोकळ निघू लागली. अंडी गार राहिली तर नर निपजतात, म्हणून कासवांच्या डॉक्टर केतकीने यंदा एका घरट्याखाली गारव्याच्या नळ्या पुरल्या, आणि ऐन उन्हाळ्यात वीज गेली. काकूंनी नवऱ्याच्या होडीत मासळीसाठी भरलेला सगळा बर्फ उचलून त्या घरट्याभोवती पुरला. पाच दिवस होडी किनाऱ्यालाच राहिली. नवरा कपाळाला हात लावून बसला.

आज सकाळी पिल्लं वर आली. केतकीने एकेक पिल्लू यंत्रावर ठेवून पाहिलं आणि ती ओरडलीच, "काकू, एकेचाळीस नर!"

दर घरट्यामागे बर्फी वाटणाऱ्या काकूंनी आज पहिल्यांदा पेढ्यांचा डबा उघडला.

"परत कधी येतील गो हे?"

केतकी जरा घुटमळली. "नर एकदा गेले की परत किनाऱ्यावर येत नाहीत, काकू. माद्या तेवढ्या येतात, अंडी घालायला."

काकू पाण्याकडे धावणाऱ्या पिल्लांकडे बघत राहिल्या.

"म्हणजे माहेरी येणार त्या लेकीच," त्या डोळे पुसत हसल्या. "आमच्या म्हातारीला हे कुणीतरी सांगायला हवं होतं!"