थांबवणारी गोळी

"कागदाला भोक पाडणारी नको," वल्लरी इंग्रजीत म्हणाली. "माणसाला थांबवेल अशी गोळी हवी."

काउंटरमागच्या माणसाने तिचं लायसन्स उचलून नाव वाचलं. साठीचा असेल, मिशा पिकलेल्या. तो उठला, दुकानाच्या दारावरची पाटी 'बंद' अशी फिरवून आला आणि मराठीत म्हणाला, "हे वाक्य हेन्डरसनमधल्या दुसऱ्या कुठल्या दुकानात बोलली असतीस, तर एव्हाना पोलिसांना फोन गेला असता. बस अशी. मी प्रकाश."

मराठी ऐकून वल्लरी समोरच्या खुर्चीत बसली.

"या देशात स्वतःच्या बचावासाठी पिस्तूल ठेवता येत नाही," तो म्हणाला. "माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे, काका."

सगळं माहीत होतं तिला. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या दोघींबरोबर ती नेमबाजीच्या क्लबात जायला लागली होती, निव्वळ हौस म्हणून. लायसन्स, परवाना, घरातली तिजोरी, सगळं रीतसर. गेल्या महिन्यात क्लबातल्या एका म्हाताऱ्या सभासदाने खेळ सोडला आणि त्याचं जुनं नाइन एमएम तिने घेतलं. तिचं पहिलं पिस्तूल. पण तोवर हौस संपली होती.

तिने कुलूपबंद पेटी काउंटरवर ठेवून उघडली. प्रकाशकाकांनी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, नळी उजेडात धरली.

"कोण आहे?" त्यांनी पिस्तुलाकडे बघतच विचारलं.

"नवरा. देवव्रत."

मग ती थांबलीच नाही. अल्बनीचं घर सोडून तिला आठ महिने झाले होते. कोर्टाची प्रोटेक्शन ऑर्डर पर्समध्येच होती. तरी त्याने तिला दोनदा शोधून काढलं. दुसऱ्या वेळी तिने आणीबाणीच्या एक-एक-एक नंबरला फोन केला, पोलीस बारा मिनिटांत आले. देवव्रतला तीन मिनिटं पुरली होती. तिने डावा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता मुठीत वळत नव्हतं.

"आणि मुलगी?"

"रिया. सात वर्षांची. रोज झोपताना विचारते, 'ममी, इज डॅड कमिंग?' मी नाही म्हणते. मग ती उठून कड्या बघून येते."

प्रकाशकाकांनी कपाटातून गोळ्यांची दोन खोकी काढून तिच्यासमोर ठेवली.

"ही साधी, तुमच्या नेमबाजीच्या रेंजवरची. माणसातून आरपार जाईल आणि पलीकडची भिंतही फोडेल. तुझ्या घराच्या भिंती कसल्या?"

"जिबच्या, पातळ प्लास्टर-बोर्डाच्या. सगळीकडे असतात तशा."

"रियाची खोली?"

"हॉलच्या पलीकडे."

"ही दुसरी, टोकाला पोकळ. लागली की फुलते, आतच राहते. तुला हवी ती हीच. पण हे पिस्तूल जुनं आहे. असली गोळी यात अडकू शकते. पहिली सुटेल, दुसरी वर चढणारच नाही. ते अडकलेलं काढायला दोन्ही हात लागतात, आणि तुझा एकच धड आहे. तो समोर उभा असेल तेव्हा काय करशील?"

"मग मी काय करू?" ती ओरडलीच. "सांगा ना! तीन घरं बदलली. नोकरी बदलली. आईलासुद्धा पत्ता सांगितलेला नाही. माझ्याकडे पिस्तूल आहे हे मी मुद्दाम त्याच्या कानावर जाऊ दिलंय, काका. म्हणून तर तो या वेळी अजून आलेला नाही. तेवढ्या एका भीतीवर आम्ही दोघी जगतोय."

"आणि तो आलाच, तू गोळी झाडलीस, तर तू तुरुंगात जाशील. रिया कुणाकडे जाईल?"

या प्रश्नापाशी वल्लरी रोजच येऊन थांबत असे.

त्यांनी तिला पाणी दिलं. आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "पिस्तूल माझ्याकडे ठेव. मी परवानाधारक डीलर आहे, कायद्याने ठेवून घेऊ शकतो. माझी बायको आशालता इथल्या बायकांच्या आधारगृहात काम करते. आज संध्याकाळी ती तुझ्याकडे येईल, तुम्हा दोघींना घेऊन जाईल. तिथे रियाला कड्या तपासायला लागणार नाहीत."

"त्याला कळलं, की पिस्तूल माझ्याकडे नाही, तर?"

"कोण सांगणार त्याला?"

वल्लरी पेटीकडे बघत राहिली. गेल्या आठ महिन्यांत कुणी तिला 'बस' म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी फॉर्म दिले होते, नंबर दिले होते, आणि सहानुभूतीने मान हलवली होती. तिला एकाएकी इतका थकवा आला की त्या काउंटरवरच डोकं टेकवावं असं वाटलं.

तिने पेटी त्यांच्याकडे सरकवली.

त्यांनी नीट पावती केली, पिस्तुलाचा नंबर लिहिला, तिची सही घेतली. मग एक कोरा कागद तिच्यापुढे ठेवला. "आशालतासाठी पत्ता लिही. सविस्तर."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच वल्लरीने स्वतःचा पत्ता कुणासाठी लिहिला. न्यू लिन हे उपनगर, रस्त्याचं नाव, मागच्या बाजूचं युनिट, दार कुठून आहे तेसुद्धा. लिहून झाल्यावर तिने वाकून त्यांना नमस्कार केला.

"सुखी राहा," ते म्हणाले. "संध्याकाळी बेल वाजली की घाबरू नकोस."

रस्त्यावर ऊन होतं. शाळा सुटायला वीस मिनिटं होती. रियाला आज काय सांगायचं ते ती बस स्टॉपकडे जाता जाता मनात जुळवत राहिली. चालताना तिचे खांदे सैल पडले होते.

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत प्रकाशकाका काचेतून बघत होते. मग त्यांनी पेटी आतल्या तिजोरीत ठेवली, चष्मा लावला आणि फोन उचलला.

"देवव्रत, पिस्तूल माझ्याकडे आलंय," ते म्हणाले. "आता पत्ता लिहून घे."