लाकडी कपाटातला करंट

वॉशिंग मशीनच्या प्लगची अर्थिंगची पिन बोर्डात बसेना, म्हणून त्याने ती मोडूनच टाकली होती. "हाताला झिणझिण्या येतात हो," बायको म्हणायची. "भास असेल तुझा," तो म्हणायचा.

एका सकाळी ती मशीनला चिकटूनच गेली.

मशीन त्याने भंगारात दिलं. आता तिच्या लाकडी कपाटाला हात लावला, की त्याला झिणझिण्या येतात.

वायरमन मेहुण्याने टेस्टर घेऊन घर पालथं घातलं. कुठेच करंट उतरत नव्हता. "भास असेल तुमचा, दाजी. हा बघा, मेन स्विचच बंद केला. लावा आता हात."

त्याने लावला आणि चटकन मागे घेतला. समजूत घालायला म्हणून मेहुण्याने टेस्टर त्याच्या तळहातावर टेकवला.

टेस्टरचा दिवा लागला.

मेहुणा एक पाऊल मागे सरला. "दाजी, ताई तुम्हाला त्या मशीनबद्दल कधी काही बोलली होती का?"