इंटरनेटवरची कमाई

टेनिसपटू निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी इंटरनेटवरचा त्याच्या कमाईचा आकडा काही निवृत्त होईना. आज तर मेव्हण्याने भर जेवणात त्याच्यापुढे फोन नाचवला. "दाजी, पाच कोटी! आणि माझ्या दुकानाला हातभार लावायची वेळ आली की तुम्ही हात वर करता?"

"अरे बाबा, ती नुसती बक्षिसांची रक्कम! त्यातूनच कर, कोचचा पगार, विमानं, हॉटेलं. पहिल्याच फेरीत हरलो की परतीचं तिकीटसुद्धा पदरचं!"

सांगून सांगून त्याचा घसा बसला. मेव्हणा मात्र "असू दे, असू दे" म्हणत हसत निघून गेला.

टेनिसपटू बायकोवरच उखडला. "तू तरी बोलायचंस! हॉटेलच्या बेसिनमध्ये माझे मोजे तूच धुतलेस ना? रॅकेटच्या बॅगा उशाला घेऊन विमानतळावर माझ्याबरोबर तूच झोपलीस ना?"

तिने उठून दाराला कडी घातली आणि अगदी जवळ येऊन हळूच म्हणाली,

 

"म्हणूनच गप्प बसले. अहो, एवढी काटकसर केली म्हणजे उरले असणारच. आता मला तरी सांगा, ठेवलेत कुठे?"