चांदणीसारखी लव

दुसऱ्यांदाही काचेखाली तेच दिसलं. साधी, सरळ, सुटी सुटी लव.

भिंगबाईंनी डोळे चोळले. विद्यार्थ्यांनी गमतीत ठेवलेलं हे नाव आता त्यांना खऱ्या नावापेक्षा जवळचं वाटे. त्यांनी पानाच्या मागच्या बाजूला पुन्हा नेलपॉलिश लावलं. ती बाटली त्यांच्या टेबलावर कायम असे, बोटांवर मात्र कधीच नाही. थर वाळल्यावर चिकटपट्टीने तो अलगद सोलला आणि काचेवर ठेवला. पानाचा हुबेहूब ठसा. लव, पेशी, श्वासाची इवली छिद्रं.

छिद्रंही उघड्यावरच होती. खळग्यात दडलेली एकही नाही.

म्हणजे हे त्यांना शिकवणाऱ्या सरांचं झुडूप नव्हतं. जागोजागी कुंपणाला लावतात ती त्याची बहीण होती.

ऐन उमेदीत सरांनी डोंगरावरचं ते झुडूप वेगळ्या जातीचं ठरवलं होतं. नुसत्या डोळ्यांना दोन्ही जुळी. पण सरांच्या झुडपाच्या पानावरची लव चांदणीसारखी फाकलेली आणि छिद्रं खोल. अलीकडे नवे अभ्यासक म्हणू लागले होते, हा भास आहे, दोन्ही एकच. जुना वाळवलेला नमुना कसरीने केव्हाच फस्त केला होता. अंथरुणाला खिळलेल्या सरांनी मुलीच्या हाती हे पान पाठवलं होतं. निरोप एवढाच, "डोंगरावरून मागवलंय. तू बघ आणि स्वतः येऊन सांग."

संध्याकाळी दार मुलीनेच उघडलं.

"हसून बोला हं," ती कुजबुजली. "डॉक्टरांनी हात टेकलेत. बाबांना आम्ही काही कळू दिलेलं नाही."

खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर वर्तमानपत्रांचा ढीग. तो उचलून खाली ठेवल्यावर भिंगबाईंना बसता आलं. एके काळी विद्यार्थ्यांच्या गर्दीने या खोलीत उभं राहायला जागा नसे.

"बऱ्याच दिवसांनी माणूस आलं," सर म्हणाले. "काय दिसलं?"

वाटेत त्यांनी वाक्य घोकून ठेवलं होतं. सर, हे कुंपणाचंच झुडूप आहे. पण शालीतून बाहेर आलेलं ते काडीसारखं मनगट दिसलं आणि त्यांनी ते वाक्य सोडून दिलं. या माणसाजवळ आता दुसरं उरलंय तरी काय?

"चांदण्या, सर. पानभर चांदण्या."

"आणि छिद्रं?"

"खोल. तुम्ही लिहिलंय अगदी तशीच."

"नीट पाहिलंस ना?"

"तीनतीनदा पाहिलं. तुमच्याशी खोटं बोलेन का मी?"

भिंगबाईंना भरून आलं. घरी कुलूप उघडून आत गेल्यावर हे सांगायला कुणी नव्हतं, तरी आज आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, असं त्यांना वाटलं.

"ते पान खालच्या कुंपणाचं आहे," सर शांतपणे म्हणाले. "कामाच्या मावशींना सांगून मीच तोडून आणवलं."

भिंगबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या.

"माझं झुडूप डोंगरावर खुशाल आहे, चांदण्यांसकट. त्याची मला काळजी नाही. विचारायचं होतं वेगळंच. या घरात जो बोलतो तो हसूनच बोलतो गं. म्हटलं, एक तरी माणूस खरं सांगणारं आहे का, ते आधी बघावं."

"सर, चुकलंच माझं. विचारा ना. आता विचारा."

सरांनी शाल गळ्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

"राहू दे. तू म्हणशील, मी लवकरच बरा होईन."