तू ठेव आधी

प्रॉक्सी सर्व्हर पुन्हा कोसळला, तशी हेमांगी कारेकर वैतागून एकेक कॉल तपासू लागली. परदेशी गेलेल्या मुलांच्या आवाजात त्यांच्या आईवडिलांशी गप्पा मारायच्या, हे या सर्व्हरचं काम. मुलं एकदा वर्गणी भरून मोकळी होत.

एक कॉल रविवारपासून संपलेलाच नव्हता. त्यानेच सगळी मेमरी खाल्ली होती. बहारीनचा शैलेश घोटगे आणि मिरजेची त्याची आई.

"तू ठेव आधी."

"नाही आई, तू ठेव."

अखंड हेच चाललेलं. हेमांगीने आईंना दुसऱ्या नंबरवर गाठलं.

"काकू, रविवारपासून बोलताय?"

"मी कुठली बोलते? मीपण तुमच्याकडूनच माझा आवाज घेतलाय. तोच बोलतो."

"का पण?"

"पलीकडचा शैलेश मला मध्ये न तोडता बोलू देत होता, ताई. माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होता. तेव्हाच कळलं, हा आमचा शैलेश नव्हे."

हेमांगीचं डोकं सणकलं. तिने दोन्ही नकली आवाज बंद केले आणि मायलेकांना थेट जोडून दिलं.

"आई? अगं कामात आहे मी. काय कटकट आहे! नंतर करतो," म्हणत शैलेशने फोन ठेवूनही दिला.

सर्व्हर सुरळीत चालू लागला.

"सॉरी, काकू," हेमांगी पुटपुटली.

"सॉरी कशाला? हा खरा होता," काकू हरखून म्हणाल्या. "पुन्हा एकदा जोडून देता?"