दोन टिंबांची बॅटरी

नाथाजीने खांद्यावरचं पोतं दुकानाच्या पायरीवर ठेवलं आणि मोहिद्दीनच्या हातातली, बॅटरीचं पाणी तपासायची काचेची नळी पडता पडता राहिली.

पोतं चौकोनी होतं, जड होतं, खाली टेकताना धप्प वाजलं. बावीस वर्षं मिरजेत बॅटऱ्यांचा धंदा केलेल्या माणसाला पोत्यात काय आहे ते सांगावं लागत नाही. आणि ही कुठली बॅटरी, तेही त्याला सांगायला नको होतं. चोराच्या मनात चांदणं.

"मोटारीला चांगली बॅटरी पायजे, मिस्त्री," नाथाजी म्हणाला. "तुमच्याच हातची."

तो बोलत होता मोहिद्दीनशी, पण बघत होता समोरच्या दुकानात वाळत ठेवलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यांकडे. आपलं तोंडही बघायची याला इच्छा नाही, असं मोहिद्दीनला वाटलं. आणि ते बरोबरच आहे, असंही वाटलं.

दोन वर्षांपूर्वी लढाई चालू होती. नवी बॅटरी औषधालाही मिळत नव्हती. शिराळ्याकडचा हा नाथाजी भाड्याची मोटार चालवायचा. तो बॅटरी मागायला आला, तेव्हा मोहिद्दीनने जुन्या प्लेटा घासूनपुसून नव्या पेटीत बसवल्या आणि "नवी कोरी हाय" म्हणून त्याला दिली. अशा बॅटरीच्या वरच्या शिशाच्या पट्टीवर तो खिळ्याने दोन टिंबं ठोकायचा. गिऱ्हाइकाला ती नक्षी वाटायची. मोहिद्दीनला स्वतःला खूण राहायची.

महिन्याभराने एका ट्रकवाल्याने खबर आणली. नाथाजीची बायको शालूबाई बाळंतपणात अडली. तिला मोटारीत घालून तो मिरजेच्या दवाखान्याकडे निघाला आणि आष्ट्याच्या अलीकडे ओढ्यात मोटार बंद पडली, ती पुन्हा सुरूच झाली नाही. हँडल मारून मारून नाथाजीचे तळहात सोलले. बैलगाडी मिळेपर्यंत बाई गेली, पोटातलं मूलही गेलं. मिरजेच्या बॅटरीनं घात केला, असं नाथाजी गावभर सांगतोय, असंही ट्रकवाला म्हणाला. तेव्हापासून शिराळ्याकडचं एक गिऱ्हाईक दुकानात फिरकलं नव्हतं.

गिऱ्हाइकांचं मोहिद्दीनला काही वाटलं नाही. पण लाज अशी बसली, की आरशापुढे दाढी करताना तो स्वतःच्या नजरेला नजर देत नसे. जुन्या प्लेटांना त्याने पुन्हा हात लावला नव्हता.

"बसा, नाथाजीराव," तो म्हणाला. "बघून देतो."

फळीवर तीन नव्या बॅटऱ्या होत्या. पहिलीची बुचं काढून त्याने एकेका घरात नळी बुडवली. दोन घरांत आतला काटा वर तरंगला, तिसऱ्यात जरा बुडाला, म्हणजे ते घर कच्चं. ती त्याने परत फळीवर ठेवली. दुसरी त्याने एका डॉक्टरसाहेबांना कबूल केली होती. तीच खाली घेतली. तिन्ही घरं सारखी निघाली. मग तिला मोटारीचा मोठा दिवा जोडला आणि पाव तास जळत ठेवला. एवढा वेळ दोघंही दिव्याकडे बघत बसले. उजेड जरासुद्धा उतरला नाही.

"दर पंधरा दिवसांनी बुच काढून बघायचं," मोहिद्दीन म्हणाला. काहीतरी बोलायला हवं होतं. "पाणी प्लेटांच्या वर पायजे. हिरीचं पाणी न्हाई घालायचं, औषधवाल्याकडचं बाटलीतलंच घालायचं. तारा घट्ट, त्यावर बोटभर व्हॅसलीन."

"व्हय."

"आन् मोटारीची बॅटरी मोटारीतच ठेवायची. ह्याला दे, त्याला दे, असं करायचं न्हाई."

नाथाजीची मान खाली गेली. मोहिद्दीनने जीभ चावली. या माणसाला शहाणपण शिकवणारा आपण कोण?

दिवा काढून त्याने बॅटरी पुसली, उचलून पायरीवर आणली. नाथाजीने बंडीच्या खिशात हात घातला, तसा मोहिद्दीनने त्याचा हात धरला. तो सोललेला तळहात आता बरा झाला होता, पण कातडं गुळगुळीत राहिलं होतं.

"पैसे नगंत. आवं, कुठल्या तोंडानं घिऊ?" मोहिद्दीन म्हणाला. "पोत्यात काय हाय, मला ठाव हाय. तुमी जाब इचारायला आलाय. इचारा. ती बॅटरी नवी नव्हती, नाथाजीराव. जुन्या प्लेटा घातल्या हुत्या. मी लबाड बोललो. शालूबाईचं पाप माझ्या माथ्यावर हाय. हितं भर बाजारात जोडा काढा, न्हाईतर फौजदाराकडं चला. मी येतो."

नाथाजी पायरीवर बसला आणि पोत्याची गाठ सोडू लागला.

बॅटरी बाहेर आली. शिशावर दोन टिंबं होती. पण धूळ नव्हती, गंज नव्हता. तारांच्या जागी ताजं व्हॅसलीन होतं.

सवयीने मोहिद्दीनने बूच काढलं आणि नळी बुडवली. काटा वर आला आणि वरच राहिला. त्याने दुसरं घर बघितलं, तिसरं बघितलं. मग नळी उजेडात धरून पुन्हा पहिलं बघितलं.

"ही तर चांगली हाय," तो पुटपुटला.

"लय चांगली हाय. एक दिस दगा दिला न्हाई हिनं." नाथाजी पुन्हा भोपळ्यांकडे बघत होता. "तालमीतल्या रेडिओला लावलेली असत्या. गावची पोरं लढाईवर हुती, बातम्या ऐकाय म्हनून म्याच काढून दिली हुती, आन् मोटारीत आदीची जुनी बसिवली हुती. शालू गेली त्या दिशी ही मोटारीत नव्हतीच, मिस्त्री."